कीर्तनातला मोशे आणि आपला अभ्यासक्रम

द्विधा अस्मितेची चर्चा निघाली की आपल्याकडे बहुधा रशियन-ज्यू लेखकांचे दाखले दिले जातात. इसाक बाबेल यांच्या 'रेड कॅव्हलरी'चा (१९२६) निवेदक कोसॅक सैनिकांत आपले ज्यूपण झाकून वावरतो. पूर्वजांचा वारसा त्याला पुरतही नाही आणि सुटतही नाही. हा दाखला मोलाचा आहेच. परंतु याच प्रश्नाला मराठीने दिलेले उत्तर आपण वाचतच नाही, ही आमची तक्रार आहे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. केहीमकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली. या समाजात १८८० च्या सुमारास कीर्तनाची परंपरा सुरू झाली. बेंजामिन सॅमसन अष्टमकर हे तिच्या आद्य रचनाकारांपैकी एक. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, आर्येत गायिली जाऊ लागली. मिशनऱ्यांच्या मराठी बायबलमुळे कथा हाताशी आल्या होत्या; त्या रंगवण्याची रीत मात्र हरिदासांची.

म्हणून येथे दोन अस्मितांत ताणच नव्हता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथील धर्मपीठाने १९६० च्या दशकारंभी विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी आवश्यक ठरवली. आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांचा समान दर्जा मान्य झाला. ज्यूंच्या देशातच त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली. तरीही तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले.

आपल्या साहित्येतिहासात 'ख्रिस्तपुराणा'ला (१६१६) स्थान आहे, रेव्हरंड टिळकांना आहे. या कीर्तनांना का नसावे? काव्यगुण बेताचा, असा आक्षेप येईल. तो वाचून घ्यावा. न वाचता नव्हे. शिवाय कीर्तन हा एका पंथाचा आकार की एका भाषेचा, या प्रश्नाचा निर्णय याच संहितांवरून होऊ शकतो.

आजऱ्याहून घाट उतरला की कोकण. आमचे विद्यार्थी ओडेसाचा लेखक ओळखतात, पेण-अष्टमीचा कीर्तनकार ओळखत नाहीत. आर्या शिकवताना मोरोपंतांच्या शेजारी यांतील एक आख्यान ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे. गाणारे आता थोडे उरले आहेत. हे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही.