फोन तर मस्त चालतोय, मग परत कशाला द्यायचा?

समजा, उद्या सकाळी बातमी आली की तुमच्याकडे असलेल्या मॉडेलच्या बॅटरीत दोष सापडलाय आणि कंपनी फोन परत मागतेय. तुम्ही खिशातून फोन काढून बघता. गरम होत नाहीये, बॅटरी दिवसभर पुरतेय, कॅमेरा भारी आहे. शिवाय यूपीआय, बँकेचे ओटीपी, ऑफिसचा मेल, हजारो फोटो, सगळं त्यातच. अशा वेळी पहिला विचार हाच येतो की "लोकांच्या फोनचं मला माहीत नाही, माझा तर नीट चालतोय."

हा प्रश्न जुलै २०२५ मध्ये भारतातल्या पिक्सेल ६ए वापरणाऱ्यांसमोर जवळपास याच रूपात आला. काही फोनची बॅटरी जास्त गरम होण्याचा धोका आहे असं सांगून गूगलने सक्तीचं अपडेट पाठवलं. त्याकडे आपण येऊच. पण आधी ज्या घटनेत या प्रश्नाच्या सगळ्या बाजू उघड झाल्या ती बघू, ती म्हणजे २०१६ सालचा सॅमसंग गॅलॅक्सी नोट ७.

दोन महिन्यांत काय झालं?

१९ ऑगस्ट २०१६ ला नोट ७ अमेरिका, दक्षिण कोरिया वगैरे देशांत विक्रीला आला. भारतात तो ११ ऑगस्टला ५९,९०० रुपये किमतीसह जाहीर झाला होता आणि विक्री २ सप्टेंबरपासून होणार होती. नेमक्या त्याच दिवशी सॅमसंगने जगभरातली विक्री थांबवली आणि साधारण २५ लाख फोन बदलून देण्याची घोषणा केली. त्यामुळे आपल्याकडे तो दुकानात कधी पोचलाच नाही. ९ सप्टेंबरला डीजीसीएने मात्र विमानात हा फोन चालू करायला, चार्ज करायला आणि चेक-इन बॅगेत ठेवायला मनाई केली, कारण परदेशातून येणाऱ्या प्रवाशाच्या खिशात तो असू शकत होता.

सॅमसंगने तेव्हा ३५ घटनांची माहिती दिली होती. प्रमाण होतं दहा लाखांत २४ फोन. म्हणजे ज्यांच्या हातात नोट ७ होता त्यांच्यापैकी जवळपास प्रत्येकाचा फोन "मस्त चालत" होता. आणि म्हणूनच अनेकांनी तो परत द्यायला टाळाटाळ केली.

"नीट चालतोय" यातून नेमकं काय कळतं?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत एक जुना विनोद आहे. टेस्टर बग दाखवतो आणि डेव्हलपर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही.

लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण असे दोन इलेक्ट्रोड असतात. दोघांच्या मध्ये माणसाच्या केसापेक्षाही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात. आजूबाजूला ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट असतं. पडदा शाबूत आहे तोपर्यंत सगळं छान. तो एका जागी जरी फाटला तर आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, उष्णता वाढते, उष्णतेमुळे आतल्या रासायनिक क्रिया आणखी वेगाने होतात, त्यातून आणखी उष्णता. ही साखळी सुरू झाली की बाहेरून थांबवणं फार कठीण असतं. पेटलेली बॅटरी विझल्यासारखी वाटून पुन्हा पेट घेते ती यामुळेच.

आता कळीचा मुद्दा. पडदा फाटायच्या आदल्या मिनिटापर्यंत फोन अगदी व्यवस्थित चालतो. स्क्रीन, प्रोसेसर, कॅमेरा यांना या दोषाचा पत्ताच नसतो. बॅटरी प्रत्येक चार्जिंगला किंचित फुगते आणि वापरताना किंचित आक्रसते. वाकडा झालेला एखादा कोपरा किंवा धातूचं टोक या हालचालीत रोज थोडं थोडं पुढे सरकू शकतं. म्हणून "तीन आठवडे काही झालं नाही" याचा अर्थ फोन परीक्षा पास झाला असा होत नाही. परीक्षा अजून चालूच असते.

आणि घरबसल्या तुम्ही हे तपासूही शकत नाही. नोट ७ चं कारण शोधायला सॅमसंगने २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासल्या. आपल्याकडे असतो एक फोन आणि फार तर बॅटरी हेल्थ दाखवणारं एखादं ॲप. ते ॲप क्षमता सांगतं, पडद्याची अवस्था नाही.

दहा लाखांत २४ म्हणजे किती?

हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल, "अरे, याहून जास्त धोका तर रोज बाईकवर असतो." मुद्दा चुकीचा नाही, पण तीन गोष्टी त्यात सुटतात.

पहिली, हा आकडा फोन बाजारात आल्यावर जेमतेम दोन आठवड्यांचा होता. फोन आपण दोन-तीन वर्षं वापरतो. १५ सप्टेंबरला अमेरिकेत सरकारी पातळीवर अधिकृत रिकॉल झाला तेव्हा तिथल्या साधारण १० लाख फोनमागे जास्त गरम होण्याच्या ९२ तक्रारी जमा झाल्या होत्या. त्यातल्या २६ घटनांत माणसं भाजली होती आणि ५५ घटनांत मालमत्तेचं नुकसान झालं होतं. दोन्ही आकड्यांची मोजणी सारखी नाही, पण धोका पहिल्या आकड्यावर थांबलेला नव्हता हे उघड आहे.

दुसरी, बाईकच्या धोक्याच्या बदल्यात आपल्याला काहीतरी मिळतं, आपण ऑफिसला पोचतो. रिकॉल झालेला फोन ठेवून काय मिळतं? सर्व्हिस सेंटरची एक चक्कर आणि डेटा हलवायचा अर्धा दिवस वाचतो. समोरच्या पारड्यात आग आहे. पैसे किंवा दुसरा फोन मिळत असताना एवढ्यासाठी हा धोका घ्यावा, असा हिशोब कुठेच बसत नाही.

तिसरी, हा धोका एकट्या तुमचा नसतो. ५ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत लुईव्हिलच्या विमानतळावर साऊथवेस्टचं विमान निघायच्या तयारीत होतं. एका प्रवाशाच्या नोट ७ मधून धूर निघाला, फोनने विमानातलं कार्पेट जाळलं आणि सगळं विमान रिकामं करावं लागलं. कुणाला इजा झाली नाही, कारण विमान जमिनीवर होतं. आपल्याकडे फोन रात्री उशीजवळ चार्जिंगला असतो, शेजारी लहान भाऊ झोपलेला असतो, लोकलच्या डब्यात चहूबाजूंनी माणसं असतात. दोषाची माहिती असूनही फोन वापरायचा निर्णय तुम्ही त्यांच्या वतीनेही घेत असता.

बदलून मिळालेला फोनही पेटला, त्याचं काय?

लुईव्हिलच्या विमानातला फोन जुना नव्हता. तो रिकॉलनंतर "सुरक्षित" म्हणून बदलून मिळालेला होता! ज्यांनी आधी टाळाटाळ केली त्यांना यामुळे जोरच आला: कंपनीलाच कळत नाहीये तर आम्ही कशाला धावपळ करायची?

इथे थोडं थांबून बघायला हवं. नोट ७ मध्ये दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्या होत्या, सॅमसंग एसडीआय आणि एटीएल. पहिल्या तक्रारी एसडीआयच्या बॅटऱ्यांच्या होत्या, म्हणून बदलून दिलेल्या फोनमध्ये एटीएलच्या बॅटऱ्या घातल्या गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये सोलमध्ये तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा कळलं की दोघांचे दोष वेगवेगळे होते. पहिल्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात ऋण इलेक्ट्रोड वाकत होता, कारण बॅटरीच्या आवरणात त्याला पुरेशी जागाच नव्हती. दुसऱ्या बॅटरीत वेल्डिंगच्या वेळी राहिलेली धातूची टोकं पडद्यापर्यंत पोचत होती.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मूळ कारण सापडण्याआधीच फिक्स रिलीज झाला. असं घाईत झालं की काय होतं हे शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणाऱ्या कुणालाही विचारा.

पण यातून "फोन ठेवा" असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की रिकॉलमध्ये निवड दिली असेल तर तेच मॉडेल पुन्हा घेण्यापेक्षा पैसे परत घ्या किंवा वेगळं मॉडेल घ्या. कंपनीने कारण नीट समजावून सांगितलं नसेल तर नक्कीच. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ज्यांनी हे केलं त्यांना ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा रांग लावावी लागली नाही. ११ ऑक्टोबरला सॅमसंगने नोट ७ चं उत्पादन कायमचं बंद केलं.

ज्यांनी दिलाच नाही त्यांचं काय झालं?

फोन हळूहळू त्यांच्या हातातच निकामी होत गेला. आधी अपडेटने चार्जिंग ६० टक्क्यांवर अडवलं. अमेरिकेने १५ ऑक्टोबरपासून हा फोन विमानात न्यायलाच बंदी केली, अगदी बंद करूनसुद्धा. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडमध्ये तो मोबाईल नेटवर्कवरून तोडला गेला. डिसेंबरमध्ये अमेरिकेत असं अपडेट आलं की फोन चार्जच होईना. जानेवारी २०१७ पर्यंत विकल्या गेलेल्या फोनपैकी ९६ टक्के परत आले होते.

गंमत म्हणजे २०१७ मध्ये सॅमसंगने हाच फोन ३५०० ऐवजी ३२०० एमएएचची वेगळी बॅटरी घालून "नोट एफई" नावाने दक्षिण कोरियात विकला. म्हणजे बाकीचा फोन खरंच चांगला होता. ज्यांना तो सोडवत नव्हता ते फोनबद्दल बरोबर होते, बॅटरीबद्दल नव्हते.

आता पिक्सेल ६ए

गूगलने पिक्सेल ६ए परत मागवलेला नाही, त्यामुळे हा रिकॉल नाही. ज्या फोनना धोका आहे त्यांच्यात बॅटरीची ४०० चार्ज सायकल्स पूर्ण झाल्यावर हे अपडेट क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी करतं. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ४०० सायकल्स सव्वा वर्षाच्या आतच होतात. हा फोन भारतात जुलै २०२२ मध्ये आला होता, म्हणजे बहुतेकांनी ती मर्यादा कधीच ओलांडली होती. बदल्यात गूगलने भारतासह काही देशांत मोफत बॅटरी बदलून देण्याचा किंवा १०० डॉलर नुकसानभरपाईचा किंवा नवा पिक्सेल घेताना १५० डॉलर सवलतीचा पर्याय ठेवला.

बरेच जण यात अपडेट कसं टाळायचं ते शोधत बसले, कारण बॅटरी कमी पुरणं हे रोज दिसतं आणि धोका दिसत नाही. पण अपडेट बॅटरीवरचा ताण कमी करतं, आतला दोष दुरुस्त करत नाही. तो जातो बॅटरी बदलल्यावरच. तेव्हा फोन आवडत असेल तर बॅटरी बदलून घेणं हाच सरळ मार्ग. पैसे घेऊन तीच बॅटरी वापरत राहणं म्हणजे भरपाई मिळाली, धोका तसाच राहिला.

तुमच्यावर वेळ आली तर

• बातमी खरी आहे का ते कंपनीच्या अधिकृत साइटवर बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकमध्ये आयएमईआय टाकू नका. तो नंबर *#०६# डायल केल्यावर दिसतो.

• आहे त्या चार्जमध्ये बॅकअप घ्या. फोटोंसोबत व्हॉट्सॲप चॅट, ऑथेंटिकेटर ॲपचे कोड आणि ई-सिम हेही आठवणीने. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा सुरू करावं लागतं.

• मग अकाउंटमधून साइन-आउट करा, रीसेट मारा, फोन बंद करा आणि शक्यतो स्वतः सर्व्हिस सेंटरवर नेऊन द्या. दोषी बॅटरी विमानाने पाठवायला बंदी असते, म्हणून न विचारता कुरिअर करू नका. नोट ७ साठी अमेरिकेत आगरोधक खोके पाठवले होते. पावती घ्या.

• कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २० नुसार धोकादायक वस्तू परत मागवून ग्राहकाला किंमत परत देण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं.

• फोन परदेशातून आणलाय किंवा सेकंडहँड आहे? मग कंपनीचा मेल तुम्हाला येणारच नाही. घेण्याआधी मॉडेलचं नाव आणि रिकॉल असं एकदा शोधून बघा.

आणि शेवटचं: "मी नाही वापरत, कुणाला तरी विकून टाकतो" हा पर्याय नाही. अमेरिकेत रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदेशीर आहे. आपल्याकडे कुणी पकडेल न पकडेल, पण तो फोन ज्याच्या उशीशी चार्ज होणार आहे त्याला यातलं काहीच माहीत नसेल. तुम्हाला माहीत आहे.