नाश्ता कोणाच्या पैशाचा?

तुमच्यापैकी अनेकजण ह्यूस्टनला तेल कंपन्यांत आहात. नोकरीबद्दल तक्रार नाही, पोट सगळ्यांनाच आहे. तक्रार आहे अमेरिकन जिओफिजिकल युनियनबद्दल. विज्ञानाविषयी दिशाभूल करणाऱ्यांचा पैसा घ्यायचा नाही, हे तिचेच धोरण. तरी अधिवेशनातला विद्यार्थ्यांचा नाश्ता एक्झॉनमोबिलच्या पैशांतून होत असे! २०१६ च्या फेब्रुवारीत शंभरावर शास्त्रज्ञांनी विरोधाचे पत्र लिहिले. एप्रिलमध्ये संचालक मंडळ म्हणाले, कंपनी सध्या दिशाभूल करते असे ठामपणे सांगता येत नाही. सध्या! तापमानवाढीचा अंदाज कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी १९८० च्या आसपास बांधला होता, आणि पुढे कित्येक वर्षे जाहिरातींतून शंका पेरल्या त्याच कंपनीने. तो हिशेब कोणी मिटवला? सभासद असाल तर पुढच्या निवडणुकीत मत देण्याआधी उमेदवारांना हे विचारा.