घरच्या घरी : फोटोची नवी काच

दिवाळीच्या साफसफाईत वडिलांच्या फोटोची काच फुटली. म्हटलं, आता न फुटणारी ॲक्रिलिकची शीट बसवू. ३ मिलिमीटरची आणली, करवत चालवली आणि कोपऱ्याचा टवकाच उडाला! करवत हवीच कशाला? शीटवरचा कागद राहू द्या. पोलादी पट्टी घट्ट धरून टोकदार कटर एकाच रेघेवरून आठदहा वेळा ओढा. रेघ वर ठेवून टेबलाच्या कडेशी जुळवा आणि बाहेरचा भाग झटक्यात खाली दाबा. कड कानशीने घासा. चौकटीत मात्र घट्ट ठोकू नका. उष्णतेने ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी अधिक फुगतं. फूटभर फोटोला चहूकडे अर्धा मिलिमीटर फट पुरे. पुसायला स्पिरिट? छे, बारीक तडे जातात. ओलं, मऊ फडकं घ्या.