आधी पाहा, मग उपचार ठरवा



मागे एका रविवारी वंदना आटोपून आम्ही विहारातून बाहेर पडत होतो, तोच वस्तीतील एका तरुण बांधवाने आम्हांला बाजूला घेतले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दवाखान्याचे कागद. वडील सदुसष्ट वर्षांचे; सारी हयात कारखान्यात ग्राइंडरवर गेलेली. वर्षभर रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होते, धार बारीक झाली होती. पण ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ म्हणून घरात कुणाला बोलले नाहीत. शेवटी रक्ताची पी.एस.ए. तपासणी झाली, तुकडा काढून तपासला आणि प्रोस्टेटचा कर्करोग निघाला.

मुलगा म्हणाला, “दादा, कर्ज काढतो, पण ऑपरेशन लगेच उरकून टाकू. डॉक्टर मात्र आधी एम.आर.आय. करा म्हणतात आणि त्यालाही सहा आठवडे थांबा म्हणतात. हा पैसे काढायचा धंदा तर नाही ना?”

प्रश्न रास्त होता. गरिबाच्या घरात एकेका तपासणीचा खर्च म्हणजे महिन्याचा किराणा. आम्ही काही डॉक्टर नाही, कारकुनी करणारी माणसे. पण त्याच्याबरोबर जाऊन, डॉक्टरांना विचारून जे समजले, ते इथे मांडतो.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी गाठ. वयोमानाने ती बहुतेकांची वाढते. लघवीचा त्रास झाला म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. पण कर्करोग असलाच, तर नुसते ‘आहे’ एवढे कळून भागत नाही. तो कुठवर गेला आहे, हे कळावे लागते. यालाच डॉक्टर ‘स्टेज’ म्हणतात.

चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा. रोग इतका लहान की बोटाने तपासून हाताला लागत नाही, ती पहिली पायरी. हाताला लागतो, पण आपल्याच खोलीत आहे, ती दुसरी. भिंत फोडून बाहेर आला किंवा मागच्या वीर्यकोशात शिरला, ती तिसरी. शेजारच्या मूत्राशयात वा गुदाशयात घुसला, ती चौथी. रोग खोलीत असेल तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने तो मुळासकट जाण्याची आशा मोठी. काही वेळा तो इतका मंद असतो की ठरावीक मुदतीने तपासण्या करत नुसते लक्ष ठेवले तरी चालते. पण भिंत ओलांडली असेल, तर एकट्या शस्त्रक्रियेने काम पुरे होईलच असे नाही.

ही भिंत शाबूत आहे की नाही, हे चिरफाड न करता दाखवणारे यंत्र म्हणजे एम.आर.आय. त्यात क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या कणांकडून चित्र मिळते. या शोधासाठी लॉटरबर व मॅन्सफील्ड या शास्त्रज्ञांना २००३ साली नोबेल मिळाले. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांची तपासणी करून २०१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात घातक स्वरूपाचे १०० पैकी ९३ कर्करोग एम.आर.आय.ने हेरले, जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने ४८ च. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी बायोप्सीच्या आधीच एम.आर.आय. करतात. बायोप्सी आधी झाली असेल, तर सुईने साकळलेले रक्त चित्रात घोटाळा करते. ते ओसरावे म्हणून काही आठवडे थांबवतात. सहा आठवड्यांचे गूढ हे असे उकलले.

मात्र यंत्रही सर्वज्ञ नाही. भिंतीबाहेर गेलेले अगदी बारीक कण त्याला दिसत नाहीत. हाडांत रोग पोचला का, हे पाहायला गरजेनुसार वेगळा स्कॅन लागतो.

आता कामगार घरांसाठी मोलाची गोष्ट. यंत्रातले चुंबक चोवीस तास चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण त्यात ओढला जाऊन दगावला. म्हणून किल्ल्या, नाणी, पट्टा, घड्याळ सारे बाहेर ठेवावे. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप, मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधीच सांगावे. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम केलेल्यांच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही लपवू नये. तो कण चुंबकाने हलून डोळा जाऊ शकतो. आमच्या या काकांच्या डोळ्यात तरुणपणी कण गेला होता. आधी डोळ्याचा एक्स-रे काढला, मगच आत घेतले.

काकांनी गळ्यातले बाबासाहेबांचे लॉकेट काढायला मात्र साफ नकार दिला. शेवटी मुलाने ते आपल्या खिशात ठेवले, तेव्हा ते आडवे झाले. बोगद्यासारख्या यंत्रात पाऊण तास ठकठक आवाज ऐकत पडून राहिले.

रोग भिंत ओलांडून वीर्यकोशात गेलेला निघाला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार आणि हार्मोनची इंजेक्शने सुचवली. मुलाचे तोंड उतरले. वर्षापूर्वी बाप बोलला असता तर, हा विचार त्याच्या मनातून जात नाही. पण घाईने केलेल्या ऑपरेशनवर कर्ज काढायचे टळले, हेही खरे.

खर्चाबद्दल एवढेच, की सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. कशाचा खर्च योजनेत बसतो, हे पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि स्वतः पाहा. हा शब्द विहाराच्या उंबऱ्यापाशी ठेवून येऊ नका. माताभगिनींनो, घरातला पन्नाशीपुढचा पुरुष रात्री वारंवार उठत असेल, तर लाजेपायी तो सांगणार नाही. तुम्हीच विचारा आणि त्याला दवाखान्यात न्या.

जयभीम! नमो बुद्धाय!