दाद द्यावी ती समेवर

बडोद्यातील आपल्या मराठी संस्था, शाळा, पतपेढ्या आणि लहान दुकाने यांच्या चालकांची एक तक्रार वारंवार कानी येते. माणसे टिकत नाहीत. मोठ्या कारखान्याएवढा पगार देणे आम्हांस परवडत नाही. मग त्यांच्या कामाचे चीज करावे तरी कशाने? तक्रार खोटी नाही. परंतु कौतुक ही श्रीमंतांनाच परवडणारी गोष्ट आहे, अशी एक समजूत तिच्या पोटात आहे. मी गायन शिकवून पोट भरतो. आमच्या धंद्यात ही समजूत पहिल्याच बैठकीत खोटी ठरते, म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहे.

प्रथम आपल्याच दरबारचा दाखला घेऊ. बडोदे संस्थानात गवई-वादकांसाठी कलावंत कारखाना नावाचे खाते होते. फैयाज खाँसाहेब या दरबारचे गवई. त्यांना ‘आफताब-ए-मौसिकी’, म्हणजे संगीताचा सूर्य, ही पदवी म्हैसूर दरबाराने दिली. संस्थान १९४९ साली विलीन झाले आणि १९५० साली खाँसाहेब याच शहरी वारले. त्यांना दरमहा किती रुपये मिळत, हे आज सहसा कोणी सांगू शकणार नाही. पदवी मात्र त्यांच्या नावामागे अजून लागते. पगारावर घर चालते, मान माणसाच्या मनात राहतो. दोन्ही हवेत, आणि पगार आधी हवा. ज्या चालकाने दोन महिन्यांचे वेतन थकविले आहे, त्याने शाल-श्रीफळाच्या भानगडीत पडू नये. ती शाल अंगाला टोचते.

आता दाद म्हणजे काय ते पाहू. जाणकार श्रोता उठल्यासुटल्या मान डोलवीत नाही. गवई अवघड तान घेऊन नेमका समेवर आला, की त्याच क्षणी त्याच्या तोंडून ‘वा!’ निघते. ती दाद कशाला मिळाली हे गवयास कळते, शेजारच्या तबलजीस कळते आणि साऱ्या बैठकीसही कळते. मैफल संपल्यावर दाराशी जोडे शोधताना ‘छान झाले हो’ म्हणणारे पुष्कळ असतात. त्याने कोणाचे मन भरत नाही. कचेरीतही हेच आहे. ‘तुम्ही सगळे फार मेहनत घेता’ हे वाक्य कोणालाच लागू पडत नाही. ‘काल तुम्ही वहीतील ती चूक वेळीच पकडलीत, म्हणून सभासदाला हेलपाटा पडला नाही’, हे वाक्य एकाच माणसाचे असते आणि तो ते घरी जाऊन सांगतो. त्याला खर्च शून्य. मात्र चालकाला काम समजावे लागते आणि त्याकडे लक्ष ठेवावे लागते. खरी अडचण पैशाची नसून या लक्षाची आहे. सणावारी मोबाईलवर सर्वांना एकच तयार फुलांचे चित्र पाठविणे म्हणूनच फुकट जाते.

एकल तबलावादन ऐकताना आपण तबलजीच्या बोटांकडे पाहतो. शेजारी हार्मोनियम किंवा सारंगीवर एक माणूस तासभर तोच लेहरा धरून बसलेला असतो. तो तसूभर हलला तर सारा तबला कोसळेल. पण त्याचे नाव पुष्कळदा हस्तपत्रिकेतही नसते. प्रत्येक संस्थेत असा लेहरा धरणारा असतो: जाजम घालणारा शिपाई, खतावणी लिहिणारा कारकून, कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. कौतुकाचा पहिला हक्क यांचा, कारण त्यांचे काम बिघडल्यावाचून आपल्या नजरेस येत नाही.

आपले वाडवडील ज्या मुलुखातून इकडे आले, तेथे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. जेथे वर्षभर जू बसले तो खांदा शेकून त्याला हळद आणि तूप चोळतात. नोकराला बैल म्हणण्याचा माझा हेतू नाही. शेतकऱ्याला कळते ते आपल्यालाही कळावे, एवढेच म्हणणे आहे. भार कोठे पडला ते ओळखून तेथेच हात फिरवावा. उत्सवात रात्री एकपर्यंत थांबलेल्या शिपायाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटी द्यावी, आणि ती त्याने मागण्याआधी द्यावी. दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनाला बरी खुर्ची आणि पुरेसा उजेड द्यावा. कार्यक्रमाच्या दिवशी राबणाऱ्याच्या घरच्या मंडळींस पुढच्या रांगेत बसवावे. साथीदाराचे नाव पत्रिकेत छापावे आणि ते शुद्ध छापावे. एखाद्याच्या कामाबद्दल चार ओळींचे पत्र स्वतःच्या हाताने लिहून द्यावे. अशी पत्रे घरात पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. कौतुक करून त्याच श्वासात जास्तीचे काम सांगू नये. मग ते कौतुक राहत नाही, वेसण होते. आणि दर वेळी एकाच लाडक्याचे नाव घेऊ नये; बाकीचे मोजत असतात.

आपल्या संस्थांची रीत अशी, की तीस वर्षे मौन पाळावयाचे आणि निवृत्तीच्या दिवशी हार, भिंतीवरचे घड्याळ आणि तीन भाषणे द्यावयाची. त्या भाषणांतून त्या माणसाला आपले गुण प्रथमच कळतात, तेव्हा ते उपयोगी पडण्याची वेळ निघून गेलेली असते. खंडेनवमीला आपण तंबोरा, तबला, वह्या, यंत्रे यांची मनोभावे पूजा करतो. यंदा हळदकुंकू वाहून झाल्यावर, ही हत्यारे वर्षभर ज्यांच्या हातांत असतात त्या प्रत्येकाला, त्याने या वर्षी नेमके काय चांगले केले, ते चालकांनी सर्वांसमक्ष सांगावे. त्यासाठी सभेचा ठराव नको, की अंदाजपत्रकात तरतूद नको.