कर्ण्याचे पितळ

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात ‘दुर्मीळ’ हा शब्द जितका मुबलक आढळतो, तितकी दुसरी कोणतीही गोष्ट क्वचितच आढळत असेल. चावीचे ग्रामोफोन, व्हॉल्व्हचे रेडिओ, कॅसेट डेक आणि टर्नटेबल यांच्यापुढे लावलेले आकडे पाहून या यंत्रांची खरी हौस असलेली मंडळी आता उघडपणे कुरकुरू लागली आहेत, आणि केवळ कुरकुरीवर न थांबता कोणते यंत्र प्रत्यक्षात कितीला विकले गेले याचे दाखले एकमेकांना पुरवू लागली आहेत. मागितलेली किंमत ही विक्रेत्याची इच्छा असते आणि हातात पडलेली किंमत हा बाजारभाव असतो, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. परंतु या बाजारात एकाची इच्छा दुसऱ्याच्या जाहिरातीत पुरावा म्हणून अवतरते, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, आणि महिनोन्‌महिने गिऱ्हाईक न मिळालेल्या यंत्राचा भाव मात्र चढत राहतो.

या तक्रारीचा सर्वांत बोलका नमुना भारतातच तयार होतो. झळाळता पितळी कर्णा, चौकोनी किंवा अष्टकोनी पेटी आणि पेटीच्या दर्शनी भागावर कुत्र्याचे चित्र असलेली पितळी पट्टी, असा ‘अँटिक एचएमव्ही’ ग्रामोफोन मुंबईच्या चोर बाजारातही दिसतो आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा म्हणून परदेशी संकेतस्थळांवरही झळकतो. इंग्लंड-अमेरिकेतील संग्राहकांनी अशा यंत्राचे नाव ‘क्रॅपोफोन’ असे ठेवले असून, टाकाऊ मालासाठी वापरला जाणारा एक असभ्य शब्द ग्रामोफोनच्या शेपटाला जोडून ते बनवलेले आहे. यंत्रच जोडकाम असल्यामुळे नावही जोडकाम असावे, हे रास्तच म्हणावे लागेल. जाणकाराला ते ओळखण्यासाठी भिंग लागत नाही. कर्ण्याचा पत्रा पातळ आणि नवा असतो, लाकडाला काळपटपणा वयाने नव्हे तर पॉलिशने आलेला असतो, आणि सुई धरणाऱ्या दांड्याचे माप चुकलेले असल्यामुळे सुई खाचेत तिरकी बसून लाखेची तबकडी खरवडून काढते. इतिहासही या यंत्राच्या बाजूने फारसा साक्ष देत नाही. कर्णा पेटीच्या पोटात दडवलेला ‘व्हिक्ट्रोला’ अमेरिकेत १९०६ सालीच आला आणि पुढच्या दोन दशकांत बाहेरचा कर्णा मागे पडत गेला. त्यामुळे ‘१९३०चा’ म्हणून विकला जाणारा पितळी कर्णा हा ज्या काळातला म्हणून सांगितला जातो, त्या काळाला तो जुनाट वाटला असता.

अधिक खेदाची बाब पेटीच्या आत असते. या बनावट यंत्रांचे पोट बहुधा खऱ्या ग्रामोफोनचेच असते, कारण स्प्रिंगची मोटर आणि गव्हर्नर, म्हणजे फिरत्या वजनांच्या साहाय्याने तबकडीचा वेग मिनिटाला सुमारे ७८ फेऱ्यांवर रोखून धरणारी योजना, हे भाग नव्याने घडवण्यापेक्षा जुन्या पोर्टेबलमधून काढून घेणे सोपे जाते. एचएमव्हीची १९२५ मधील ‘मॉडेल १०१’ आणि १९३१ मधील ‘मॉडेल १०२’ ही हातात उचलून नेण्याजोगी, सुटकेससारखी यंत्रे मोठ्या संख्येने निघाली. आवाजात ती पितळी कर्ण्याच्या या तोतयापेक्षा कितीतरी सरस, पण दिवाणखान्यात शोभेला ठेवायला बिचारी काळी आणि चपटी. त्यामुळे अस्सल यंत्र फोडून नकली बनवले जाते, नकलीला अस्सलाहून जास्त किंमत मागितली जाते, आणि अशी बरीच यंत्रे फुटल्यानंतर उरलेल्यांना ‘दुर्मीळ’ म्हणण्याची सोय आपोआप होते.

त्या पट्टीवरील चित्राचा पूर्वेतिहासही येथे आठवण्याजोगा आहे. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने निपर हा कुत्रा प्रथम ग्रामोफोनपुढे नव्हे, तर नळकांड्यावर ध्वनिमुद्रण वाजवणाऱ्या फोनोग्राफपुढे बसवला होता, आणि ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली चित्रासाठी ५० पौंड व हक्कांसाठी आणखी ५० पौंड मोजले, ते फोनोग्राफ झाकून त्या जागी आपला ग्रामोफोन रंगवून घेण्याच्या अटीवर. एका यंत्राच्या जागी दुसरे बसवण्याची प्रथा खुद्द बोधचिन्हाइतकीच जुनी आहे म्हणायची. बॅरॉडने ते काम निदान राजरोस केले.

तथापि भाववाढीचे सगळे खापर विक्रेत्यांवर फोडून हौशी मंडळींना नामानिराळे राहता येणार नाही. अमुक यंत्राचा आवाज ‘पुन्हा होणे नाही’ असे वर्षानुवर्षे सांगत राहायचे आणि ते ऐकून कोणी त्याची किंमत वाढवली की धक्का बसल्याचा आव आणायचा, हे फारसे सुसंगत नाही. टेक्निक्सचे ‘एसएल-१२००’ हे टर्नटेबल २०१० साली बंद पडले आणि २०१६ साली परतले ते पूर्वीपेक्षा कितीतरी महाग होऊन. चाहत्यांचा जिव्हाळा कंपन्यांनाही मोजता येतो. शिवाय कडक झालेले रबर, तुटलेली स्प्रिंग किंवा व्हॉल्व्हच्या रेडिओतील सुकलेले कपॅसिटर बदलणाऱ्या कारागिराची मजुरी खरी असते आणि ती किमतीत धरली जाणे योग्यच आहे. तक्रार असावी ती ‘सर्व्हिस केलेले’ या शब्दांविषयी, कारण पुष्कळदा त्यांचा अर्थ ओल्या फडक्याने पुसलेले एवढाच निघतो.

या गोंगाटात ज्यांना यंत्रापेक्षा आवाज महत्त्वाचा वाटतो, त्यांची वाट वेगळी राहिली आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या श्रवणाला आणि त्यांच्या माहितीच्या संकलनाला महत्त्व दिले. तेथे कर्णा किती लखलखतो यापेक्षा त्यातून कोण गाते याची चौकशी अधिक होते.

पितळी कर्णा केवळ शोभेसाठी हवा असेल तर तो शोभेच्याच भावाने अवश्य घ्यावा. ज्याला वाजणारा ग्रामोफोन हवा आहे त्याने विक्रेत्याला चावी भरून, नवी सुई लावून, दहा इंची तबकडीची एक बाजू अखेरपर्यंत वाजवून दाखवायला सांगावे, आणि मग पेटी उघडून मोटर दाखवण्याची विनंती करावी. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असते. घासाघीस त्यानंतर सुरू करावी.