निबंध, प्रबंध आणि मधली रिकामी जागा

पीएच.डी.च्या नोंदणीसाठी आलेले आराखडे वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, प्रकरणांची मांडणी ही सर्व शीर्षके विद्यार्थ्यास तोंडपाठ असतात. मात्र 'आपला प्रश्न कोणता?' असे विचारले की तो विषयाचे शीर्षकच पुन्हा सांगतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत एखादा प्रश्न स्वतः निवडून सहा महिने त्याच्यामागे जाण्याचा प्रसंग त्याच्यावर कोणी आणलेलाच नसतो. दहा पाने स्वतंत्रपणे न लिहिलेल्या व्यक्तीकडून आपण एकदम तीनशे पानांची अपेक्षा करतो. पूर्वी एम.फिल.चा लघुप्रबंध ही मधली पायरी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने ती पदवीच बंद झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून एम.ए.च्या अभ्यासक्रमात आता संशोधन प्रकल्प आला आहे. ते स्वागतार्हच आहे, परंतु फार उशिराचे आहे. ही सवय लागण्याचे वय माध्यमिक शाळेतले आहे.

शाळेत निबंध नसतो काय? असतो, परंतु तो नदीच्या आत्मवृत्ताचा आणि पावसाळ्यातील एका दिवसाचा. त्यात कल्पनेला वाव असतो हे मान्य केले तरी माहिती मिळवणे, ती तपासणे, दोन परस्परविरोधी साक्षींमधून निवड करणे याला तेथे जागा नाही. 'प्रकल्प' म्हणून जे होते, ते बहुधा रंगीत मुखपृष्ठ, चिकटवलेली चित्रे आणि उतरवून काढलेला मजकूर. वास्तविक 'निबंध' हा शब्द आपल्याकडे इतका कृश कधीच नव्हता. धर्मशास्त्रात अनेक ग्रंथांतील वचने एकत्र बांधून त्यांचा निर्णय करणाऱ्या ग्रंथास निबंध म्हणत. मराठवाड्याच्याच भूमीत, देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा तेराव्या शतकातील ग्रंथ या परंपरेतला. पुढे १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. तिच्यातील कित्येक निबंध एका अंकात न मावता अनेक अंकांतून चालत. दीड-दोन पानांत आटोपणारा निबंध ही परीक्षेची निर्मिती आहे, भाषेची नव्हे.

दीर्घ निबंध शालेय वयात लिहून घेता येतो, हे अन्यत्र सिद्ध झालेले आहे. जिनिव्हा येथे १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या पदविकेसाठी कनिष्ठ महाविद्यालयीन वयाचा विद्यार्थी स्वतः निवडलेल्या प्रश्नावर कमाल चार हजार शब्दांचा निबंध लिहितो. मार्गदर्शक त्याला मोजकेच तास देतो. मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळांतून ही पद्धती पोहोचली आहे. ती सिरसाळ्यात चालणार नाही, असे आपण गृहीत धरतो ते कशाच्या आधारावर?

परळी तालुक्यातील सिरसाळा आणि भोवतालची खेडी येथून पदवी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांची भाषा पाहिली, तर साधनांची वाण आहे असे म्हणताच येत नाही. ऊसतोडीची परिभाषाच घ्यावी. 'कोयता' हे हत्यार, तसेच ते नवराबायकोच्या जोडीचे मोजमाप. एकट्या माणसाचा 'अर्धा कोयता'. उचल, मुकादम, टोळी, फड, मोळी, कोपी, वाढे, आणि गैरहजेरीचा भुर्दंड म्हणून 'खाडा'. यांतील 'खाडा' हा शब्द सर्वसाधारण मराठीत केवळ न येण्याचा दिवस दर्शवतो. फडात त्याला दंडाचा अर्थ कसा चिकटला? हा नववीच्या मुलीला पेलणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ग्रंथालयात नसून तिच्या घरात आहे. याउलट आद्यकवी मुकुंदराजांचे अंबानगर हे आपले अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरा, हा वाद कितीही आकर्षक वाटला तरी शालेय निबंधाचा विषय होऊ शकत नाही. त्यासाठी लागणारी साधने त्या वयात हाताळता येत नाहीत आणि मूल अखेर शिक्षकाचेच मत लिहिते. विषय निवडताना शिक्षकाने करावयाचे मुख्य काम हेच: मोठा विषय हातातून काढून घेणे आणि लहान प्रश्न हातात देणे. १९७२ च्या दुष्काळावर निबंध नको. त्या वर्षी आपल्या गावातून कोण कोठे खडी फोडायला गेले, एवढेच असावे.

नियोजनाचा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि तो शहरातील वेळापत्रकाने सुटणारा नाही. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. निबंधाची योजना त्यानुसार केली, तर संकलन दिवाळीच्या सुमारास व लेखन जानेवारीत येईल. म्हणजे ऊसतोड कुटुंबांचे मूल नेमके त्याच काळात कारखान्याच्या तळावर किंवा हंगामी वसतिगृहात असेल, आणि ज्यांना प्रश्न विचारावयाचे ते आईवडील शेकडो मैलांवर. योजना उलट करावी. टोळ्या परतल्यानंतर, आठवीच्या उन्हाळी सुट्टीत, प्रश्न ठरवून विचारपूस सुरू व्हावी. त्या दिवसांत सारे गाव घरी असते आणि लग्नसराईत दूरचे नातलगही भेटतात. पावसाळ्यात नोंदींची जुळवाजुळव व पहिला खर्डा, आणि दसऱ्यापूर्वी दुसरा खर्डा पुरा. मंडळाच्या दहावीच्या परीक्षेची छाया तोवर पडलेली नसते. यात शासनाचा नवा आदेश लागतो असे नाही. मुख्याध्यापकाची संमती पुरते.

उतरवून काढण्याचा आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि आता तर भ्रमणध्वनीवरील यंत्र मागू तो निबंध क्षणात लिहून देते. म्हणूनच गुण निबंधाला कमी आणि नोंदवहीला अधिक असावेत, असे माझे मत आहे. कोणाला कधी भेटलो, त्यांनी नेमके काय शब्द वापरले, दुसऱ्याने त्यास कोठे विरोध केला, आपले मत कोठे बदलले, हे तारीखवार लिहिलेली वही यंत्राला सहजी रचता येत नाही. रचली तरी दहा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत ती टिकत नाही. साठ मुलांच्या वर्गात हे अशक्य, असे माध्यमिक शिक्षक म्हणतील. त्यांचे म्हणणे खरे आहे. निवडणुका, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी यांनी पिचलेल्या माणसाकडून आणखी काही मागण्याचा नैतिक अधिकार विद्यापीठातील मंडळींना फारसा नाही.

तेव्हा प्रारंभ आपण करावा. एम.ए. द्वितीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या शाळेतील दोन मुलांच्या नोंदवह्या वर्षभर पाहाव्यात आणि ते काम त्याच्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत अंतर्गत गुणांसाठी धरावे. दुसऱ्याचा प्रश्न लहान करताना स्वतःचाही होतो. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या पुतणीस 'कोपी' या शब्दाविषयी माहिती जमवण्यास मदत केली. तिने आजीला विचारले, कोपी आणि झोपडी यांत फरक काय? आजी म्हणाली, झोपडी आपली असते. विद्यार्थी ती वही घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या स्वतःच्या आराखड्यातील 'ग्रामीण जीवनाचे चित्रण' हे शब्द त्याने खोडलेले होते.